एक एकर बाईच्या हाती

आमच्या हसनाबादकडे, भोकरदन तालुक्यात, शिवार कापूस-सोयाबीनचं आणि भाजी बाजारातून विकत. म्हणूनच बायकांना घरचं अन्न पिकवायला शिकवणाऱ्या, प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेचं काम मला फार मोलाचं वाटतं. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर बायकांना सोबत घेऊन गावं उभी करताना ते मराठवाड्यात रुजलं.

संस्थेचं 'एक एकर मॉडेल' साधं आहे. बाईनं घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा. त्यात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, मेथी, दोडका असं घरात लागणारं सगळं मिसळून पेरायचं. खत शेणाचं, गांडुळांचं. बियाणं शक्यतो घरचं. आधी ताटात, उरलेलं बाजारात! पाऊस हुकून एखादं पीक गेलं तरी दुसरं तगतं. आणि काय पेरायचं हे बाई ठरवते, मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. पुढे कुणी गांडूळखत विकतं, कुणी कोंबड्या पाळतं, कुणी डाळ करतं. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आपल्या बचत गटातल्या ताईंनो, येत्या खरिपात निदान अर्धा एकर मागून बघा.