एका मळ्याची कॉफी आणि दिल्लीची भट्टी

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा या महानगरी पट्ट्यात कॉफीचे झाड रुजत नाही. ज्या मळ्यांतून येथे कॉफी येते ते चिकमगळूर, कोडगू आणि बिळिगिरिरंगन टेकड्यांचे प्रदेश रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत, आणि येथील घरोघरचे पेय तर चहाच आहे. तरीही कॉफीचे कच्चे बी थेट मळ्यांकडून विकत घेऊन, ते छोट्या भट्टीत थोडे थोडे भाजून मळ्याच्या नावानिशी विकण्याचा व्यवसाय ज्या शहरांनी देशभर नेला, त्यांत दिल्लीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मॅट चित्तरंजन आणि नम्रता अस्थाना यांनी २०१३ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ब्लू टोकाई ही संस्था या घडामोडीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. तिच्या आणि तिच्यामागून आलेल्या लहान रोस्टरांच्या, म्हणजे कॉफी भाजणाऱ्या व्यावसायिकांच्या, पाकिटांवर मळ्याचे नाव, बियांवरील प्रक्रिया, भाजणीची पातळी आणि भाजल्याची तारीख छापलेली असते. या पाकिटांचे दोन वर्ग पडतात. ज्या कॉफीचे बी एकाच प्रदेशातून, आणि काटेकोर अर्थाने एकाच मळ्यातून, आलेले असते तिला सिंगल ओरिजिन म्हणतात; निरनिराळ्या मळ्यांचे किंवा जातींचे बी ठरावीक प्रमाणात एकत्र करून बनवलेल्या कॉफीला ब्लेंड म्हणतात.

यांपैकी पहिला वर्ग भारतीय ग्राहकासाठी तसा नवाच आहे, आणि त्याचे कारण चवीत नसून कायद्यात आहे. १९४२ च्या कॉफी कायद्यानुसार मळेवाल्यांनी आपले जवळजवळ सर्व उत्पादन कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावे, बोर्डाने त्याची प्रतवारी करून लिलावाने विक्री करावी, अशी व्यवस्था होती. युद्धकाळात परदेशी बाजार बंद झाल्यामुळे संकटात सापडलेल्या उत्पादकांना तिने आधार दिला हे खरे. परंतु साठ्यात शिरलेल्या बियांची मळ्याशी असलेली ओळख तिथेच पुसली जात असे, आणि कोणी अधिक काळजीने तोडणी वा वाळवणी केली तरी त्याचे श्रेय त्याच्या नावावर जमा होत नसे. १९९० च्या दशकात हे नियंत्रण टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि १९९६ पर्यंत मळेवाल्यांना आपला माल थेट विकण्याची पूर्ण मोकळीक मिळाली. दिल्लीतील रोस्टर आज चामराजनगर जिल्ह्यातील अट्टिकन मळ्याचे नाव पाकिटावर छापू शकतो, तो या बदलामुळेच.

मळ्याच्या नावामागे नेमके कोणते शास्त्र दडलेले असते, हे पाहण्यासाठी झाडापासून सुरुवात करावी लागते. जगात व्यापारी महत्त्वाच्या जाती दोनच, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका ही रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून जन्मलेली असून तिच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, तर रोबस्टाच्या पेशीत २२. अरेबिकाच्या बियांत साखर आणि तेल अधिक असते, कॅफीन साधारण सव्वा टक्का. रोबस्टात कॅफीन त्याच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि त्यासोबत तुरटपणा देणारी क्लोरोजेनिक आम्लेही जास्त असतात. अरेबिकाचे भारतातील सर्वांत परिचित वाण एस ७९५ हे चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाले. पानांवर नारिंगी भुकटी आणणाऱ्या तांबेरा या बुरशीरोगाला तोंड देणाऱ्या एस २८८ या निवडीचा चवीने सरस अशा केंट वाणाशी संकर करून ते मिळवण्यात आले. म्हणजे आज जी चव चोखंदळ ग्राहक शोधतो, तिच्या मुळाशी एका रोगाविरुद्धची दीर्घ झुंज आहे.

वाणाइतकाच उंचीचाही परिणाम होतो. उंचावरच्या थंड रात्रींमुळे फळ सावकाश पिकते, बी घट्ट होते आणि त्यात साखर अधिक साठते. भारतीय मळ्यांत कॉफी उघड्या उन्हात न वाढवता सिल्व्हर ओकसारख्या उंच झाडांच्या सावलीत वाढवण्याची, आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवण्याची रीत आहे. ही सावलीही पिकण्याची गती मंदावते. ब्लू टोकाईने आपल्या एका ब्लेंडला सिल्व्हर ओक हे नाव दिले आहे, त्याची पार्श्वभूमी ही अशी आहे. महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड माथ्यावर इंग्रजी अमदानीत कॉफीची लागवड झाली आणि तिचे अवशेष आजही टिकून आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

फळ तोडल्यानंतरच्या काही दिवसांत चवीचे दुसरे मोठे वळण येते. तोडलेल्या फळाचे साल काढून, बियांभोवतीचा चिकट गर सूक्ष्मजीवांच्या क्रियेने, म्हणजे आंबवणाने, सुटा करून, मग पाण्याने धुऊन बी वाळवले तर स्वच्छ आणि किंचित आंबूस चव मिळते. भारतीय व्यापारात अशा धुतलेल्या अरेबिकाला प्लांटेशन म्हणतात. अख्खे फळच उन्हात वाळवले तर गरातील द्रव्यांचा परिणाम बियांवर अधिक काळ होत राहतो आणि चव गोड, फळांकडे झुकणारी होते. याला व्यापारी भाषेत चेरी हे नाव आहे. अलीकडे काही मळ्यांत हवाबंद पिंपांत, प्राणवायूविना, हे आंबवण घडवले जाते. हंगामाच्या ‘नव्या’ सिंगल ओरिजिनची जाहिरात होते तेव्हा नवलाई बहुधा या टप्प्यात असते. झाड, माती आणि पाऊस तेच राहून केवळ पिंपाचे झाकण आणि तास बदललेले असतात. या प्रयोगांचे स्वागत करताना एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी: आंबवण फार बळावले की मळ्याची स्वतःची चव त्याच्याखाली दडपली जाते आणि निरनिराळ्या मळ्यांची कॉफी एकसारखी लागू लागते.

दहा ते बारा टक्के ओलावा असलेले हे हिरवट बी गोण्यांतून दिल्लीत येते आणि तिथे तापलेल्या, फिरत्या पिंपात ओतले जाते. पहिली काही मिनिटे बी केवळ उष्णता शोषत असते. हिरवा रंग पिवळा होतो, ओल्या गवताचा वास जाऊन वाळल्या पेंढ्याचा वास येतो. साधारण १५० अंश सेल्सियसच्या पुढे साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात मायार अभिक्रिया, म्हणजे भाकरीच्या पापुद्र्याला खमंगपणा आणणारीच रासायनिक साखळी, वेग घेते. बी तपकिरी होऊ लागते आणि शेकडो सुगंधी संयुगे जन्माला येतात. आत कोंडलेल्या वाफेचा आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढत जातो, आणि तापमापीवर १९५ ते २०० अंशांच्या आसपास पेशींच्या भिंती फुटून लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येतो. याला पहिला तडका म्हणतात. भाजणाऱ्याचे खरे कौशल्य यापुढच्या दोन-तीन मिनिटांत पणाला लागते. बी लगेच बाहेर काढले तर आम्लता आणि मळ्याची लक्षणे टिकतात. थोडे थांबल्यास साखर करपून गोडवा चॉकलेटच्या अंगाने झुकतो. आणि २२० ते २२५ अंशांपाशी दुसरा, अधिक बारीक आवाजाचा तडका आला की क्लोरोजेनिक आम्लांपासून कडू द्रव्ये बनत जातात, तेल पृष्ठभागावर येते आणि भाजणीची चव मळ्याच्या चवीवर मात करते. या प्रवासात बियांचे वजन बारा ते वीस टक्क्यांनी घटते, आकार मात्र फुगतो. कॅफीन जवळजवळ तेवढेच राहते. गडद भाजलेली कॉफी अधिक ‘कडक’ असते हा समज चवीपुरताच खरा आहे.

दिल्लीच्या हवामानामुळे हे काम अधिक अवघड होते. जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, मे-जूनमध्ये पंचेचाळीसच्या घरात पोहोचतो, आणि पिंपातून खेळणारी हवा याच वातावरणातून आत येत असल्याने तेवढीच आच ठेवूनही हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बी वेगवेगळ्या गतीने तापते. शिवाय कोरड्या लूच्या दिवसांत साठ्यातील बी ओलावा गमावते आणि पावसाळ्यात तो पुन्हा शोषून घेते. म्हणून गोणीच्या आत हवाबंद प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते, आणि प्रत्येक घाण्याच्या वेळी तापमान कसे चढत गेले याचा आलेख नोंदवून पुढच्या घाण्याची आच ठरवावी लागते.

भाजलेल्या कॉफीची परीक्षा कपिंग नावाच्या ठरावीक पद्धतीने होते. १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम भरड पूड, पाण्याचे तापमान ९३ अंशांच्या आसपास. चार मिनिटांनी पृष्ठभागावर साचलेला थर चमच्याने मोडून, नाक अगदी जवळ नेऊन वास घेतला जातो, आणि कॉफी निवत जाईल तसतसा चमचाभर घोट हवेसकट जोरात ओढून चाखला जातो, कारण निवलेल्या कॉफीत दोष लपत नाहीत. शंभरांपैकी ८० किंवा अधिक गुण मिळालेल्या कॉफीला स्पेशालिटी दर्जा देण्याची प्रथा याच चाचणीतून रूढ झाली.

सिंगल ओरिजिनच्या या कौतुकात ब्लेंडला दुय्यम मानण्याची वृत्ती दिसते, ती शास्त्राला धरून नाही. एका मळ्याची कॉफी दर हंगामी बदलते. ब्लेंडमध्ये एका मळ्याचे बी संपले की त्याच गुणांचे दुसरे बी शोधून कपातली चव वर्षभर स्थिर ठेवायची असते, आणि हे काम एकच उत्तम बी भाजण्यापेक्षा सोपे नाही. दुधाचाही विचार करावा लागतो. दुधातील केसीन हे प्रथिन कॉफीतील तुरट द्रव्यांना बांधून ठेवते आणि नाजूक आंबटगोड छटा झाकून टाकते. म्हणून दुधाच्या कॉफीसाठी थोडी अधिक भाजलेली, प्रसंगी चांगल्या रोबस्टाची जोड दिलेली ब्लेंड योग्य ठरते. एस्प्रेसोवरचा दाट फेसही रोबस्टामुळे अधिक काळ टिकतो. जायफळ घातलेल्या दुधाळ कॉफीची सवय असलेल्या मराठी घराने महागडी हलकी भाजलेली सिंगल ओरिजिन आणून तीच कृती केली, तर त्यात ना मळा सापडेल ना जायफळ खुलेल.

दिल्लीत ताजी भाजलेली कॉफी मिळण्याची परंपरा २०१३ च्या बरीच आधीची आहे. लोधी कॉलनीतील खन्ना मार्केटमधले देवन्स हे दुकान कित्येक दशके कॉफी भाजून आणि दळून विकत आले असून, राजधानीत नोकरीनिमित्त आलेल्या दाक्षिणात्य कुटुंबांची फिल्टर कॉफी अशाच दुकानांनी टिकवली. त्या परंपरेत चिकोरीचे स्थान मोठे. कासनीच्या या मुळात इन्युलिन नावाची साखरेची साखळी असते, ती भाजल्यावर करपून गडद रंग आणि गोडसर कडवटपणा देते. हे पीक दिल्लीपासून फार दूर नसलेल्या उत्तर प्रदेशातील एटा परिसरातही घेतले जाते. कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी, असा भारतीय अन्नसुरक्षा नियम आहे.

चवीचा शेवटचा निर्णय मात्र नळाशी होतो. कपातील कॉफीत ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. २०१४ मध्ये ब्रिटनमधील बाथ विद्यापीठातील क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी संगणकीय गणनेतून दाखवले, की पाण्यातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन बियांतील चवीची द्रव्ये ओढून घेण्यास मदत करतात, तर बायकार्बोनेट फार झाले की ते कॉफीची आम्ले मारून टाकते. दिल्ली परिसरातील भूजल अनेक ठिकाणी जड आणि खारट आहे. तशा पाण्यात अट्टिकन काय नि दुसरा मळा काय, सर्वच सपाट लागतात. दुसरीकडे घरोघरी बसवलेली आरओ यंत्रे खनिजे जवळजवळ पूर्ण काढून टाकतात, आणि अशा पाण्यात काढलेली कॉफी पोकळ किंवा बोचरी लागते. व्यावसायिक कसोटी लिटरमागे सुमारे १५० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांची आहे. म्हणूनच अनेक कॅफे आरओच्या पाण्यात मोजून खनिजे परत मिसळतात. बियांवर शेकडो रुपये खर्च करणाऱ्या ग्राहकाने आपल्या घरच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण एकदा मोजून घ्यावे. त्यासाठीचे छोटे मापक सहज मिळते.

भाजल्यानंतर बियांतून कार्बन डायऑक्साइड कित्येक दिवस बाहेर पडत राहतो, म्हणून पाकिटाला एकमार्गी झडप असते आणि पहिले चार-पाच दिवस थांबून पुढच्या महिनाभरात कॉफी संपवणे इष्ट ठरते. त्यासाठी भाजल्याची तारीख उपयोगी पडते, आणि ती छापण्याची शिस्त लहान रोस्टरांनी रुजवली हे त्यांचे मोठे काम आहे. परंतु भारतात अरेबिकाची तोडणी वर्षातून एकदाच, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते, आणि वर्षभर गोदामात राहिलेले कच्चे बी कालच भाजले तरी त्याची चव उतरलेलीच असते. अनेक पाकिटांवर तोडणीचा हंगाम अजूनही छापलेला नसतो. रोस्टरांनी तो छापावा, आणि तो छापला जाईपर्यंत ग्राहकांनी दुकानात विचारावा.