परवानगीची रेषा आणि भरतीचे पाणी

ठाण्याच्या खाडीकाठी एखाद्या महापालिकेला सांडपाण्याची नळवाहिनी टाकायची आहे असे समजू. जागा पाण्यापासून दूर आणि चांगली कोरडी दिसते. तरीही कुदळ मारण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर द्यावे लागते : खाडी नेमकी कुठे संपते?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. ‘पाणी संपते तिथे’ असे उत्तर बहुतेक मुले देतील. पण मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो आणि खाडीकाठची जमीन इतकी सपाट आहे, की पातळी थोडी चढली तरी पाणी आडवे दूरवर पसरते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला कोरडी राहिलेली जागा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याखाली जाते. म्हणजे एकाच महिन्यात खाडीचा काठ पुढेमागे सरकत राहतो. परवानगी देणाऱ्या कार्यालयाला मात्र एकच, स्थिर काठ हवा असतो.

यासाठी ‘भरतीरेषा’ ही कल्पना वापरतात. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर पोचते ती ही रेषा. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी या रेषेपासून जमिनीकडे ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल तेवढे अंतर नियमनाखाली येते. रेषा अर्जदाराने स्वतः ओढायची नसते. केंद्र सरकारने मान्यता दिलेली संस्था ती १:४००० प्रमाणाच्या नकाशावर दाखवते. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली, तर तिच्या जाडीतच दोन मीटर जमीन गडप होते!

दुसरी रेषा कांदळवनाची. ठाणे खाडीत प्रामुख्याने तिवरे आहेत. प्राणवायू नसलेल्या चिखलात त्यांची श्वसनमुळे बोटांसारखी वर येतात. कांदळवनाचे क्षेत्र १,००० चौरस मीटरहून अधिक असेल, तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तिवरे तोडायची तर काम सार्वजनिक हिताचे आहे हे दाखवून न्यायालयाचीच परवानगी घ्यावी लागते. तिसरी रेषा अभयारण्याची. सुमारे १७ चौरस किलोमीटरचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले. त्याच्या हद्दीत नमुने गोळा करायचे, तर आम्हा संशोधकांनाही मुख्य वन्यजीव रक्षकांचे परवानापत्र लागते. २०२२ मध्ये खाडीचे सुमारे ६५ चौरस किलोमीटर क्षेत्र रामसर यादीत गेले. हा आंतरराष्ट्रीय मान आहे. प्रत्यक्ष बंधन येते ते आपल्याच किनारी, वन आणि वन्यजीव कायद्यांतून. म्हणून अर्जही निरनिराळ्या दारांनी फिरतो : नियोजन प्राधिकरण, राज्याचे किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, वनविभाग, आणि अभयारण्याला धक्का लागत असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळ.

ही सारी यातायात व्यर्थ आहे असे आम्ही मानत नाही. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग खाडीखालून सुमारे ७ किलोमीटरच्या बोगद्यातून नेण्याचे ठरले, त्यामागे अभयारण्य वाचवणे हे एक कारण होते. याच प्रकल्पासाठी तोडायच्या तिवरांची संख्या आधी ५३ हजारांवर होती. आराखडा बदलल्यावर ती निम्म्याहून कमी झाली आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने तोडीला परवानगी दिली.

मात्र रेषेने सगळे साधत नाही. पाणथळ जागा जगते ती पाण्याच्या येण्याजाण्यावर. समजा, कांदळवनापासून ६० मीटरवर रस्त्याचा भराव टाकला आणि त्याखालची मोरी अरुंद ठेवली. नियमाचे अंतर पाळले गेले, एकही झाड तुटले नाही. पण त्या मोरीतून पलीकडच्या तिवरांना भरतीचे पाणी जाणार असेल, तर ते आता अपुरे जाईल. किंवा गेलेले पाणी ओहोटीला परत येणार नाही. ते साचले, की श्वसनमुळे बुडून राहतात आणि झाड गुदमरते. कोकणातल्या खारबंधाऱ्याची उघाडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

नेरूळचा डीपीएस तलाव हे याचे बोलके उदाहरण. भरतीला खाडीतले चिखलाचे पट्टे बुडतात, तेव्हा फ्लेमिंगो नवी मुंबईच्या उथळ तलावांत येऊन थांबतात. हा तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. पक्ष्यांना ती हद्द ठाऊक नाही. तलावात भरतीचे पाणी आणणाऱ्या वाटा बंद झाल्या, तलाव सुकत गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या परिसरात काही फ्लेमिंगो मेले. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. म्हणजे आणखी एक रेषा आली, आणि ती हवीच होती. पण तलावात पाणी येते ते रेषेबाहेरच्या वाहिन्यांतून. म्हणून अशा कामाचा नकाशा समोर आला, की अंतराच्या आकड्याआधी आपण मोरीची रुंदी आणि तिच्या तळाची पातळी पाहावी. ती उधाणाच्याच नव्हे, तर भांगाच्या भरतीच्याही खाली आहे ना, एवढे ताडून पाहायला भरतीचे कोष्टक आणि लेव्हल घेणारा एक माणूस पुरतो.