घरात सगळ्यांनाच संधिवात? भिगवणच्या पाहणीतले आकडे काय सांगतात?

आजीचे गुडघे, आईची कंबर, काकांचा खांदा. दुखणी वेगवेगळी, पण घरात त्यांना नाव एकच: संधिवात. खरोखर किती जणांना तो असतो?

दवाखान्यातल्या नोंदींवरून हे कळत नाही, कारण दुखणं अंगावर काढणारे तिथं पोहोचतच नाहीत. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८१ मध्ये 'कॉपकॉर्ड' हा उपक्रम आखला. पेशंटची वाट पाहायची नाही, घरोघरी जाऊन विचारायचं.

भारतात ही पाहणी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला झाली. (हो, फ्लेमिंगोंचं तेच भिगवण.) संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी ती हाती घेतली. प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक घरोघरी फिरले आणि दुखतंय असं सांगणाऱ्यांना डॉक्टरांनी तपासलं.

४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे, स्नायू किंवा हाडांचा त्रास होता. जवळपास दर पाच-सहा माणसांमागे एक! पण सांध्यांची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, निघाला ५.८ टक्के लोकांत. आणि आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस? सुमारे अर्धा टक्का. दोनशे जणांत एक. बाकीच्या बऱ्याच जणांचं दुखणं स्नायू आणि स्नायुबंधांचं होतं, किंवा कुठल्याच ठरावीक आजारात न बसणारं.

जगाचं चित्रही फारसं वेगळं नाही. हाडं, सांधे आणि स्नायूंचे विकार सुमारे १७१ कोटी लोकांना आहेत. २०२० मध्ये कंबरदुखीचे रुग्ण ६१.९ कोटी होते आणि झिजेचे ५९.५ कोटी. आमवाताचे रुग्ण मात्र दोन कोटींच्या आतच.

मग इतक्या कमी लोकांच्या आजाराची वेगळी चर्चा कशाला? कारण तिथं वेळ महत्त्वाची असते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. उपचार लांबले तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. वेळेत निदान झालं, तर मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांनी ही हानी बरीच रोखता येते. तो तिशी-चाळिशीतही सुरू होतो, बायकांमध्ये जास्त. नेमक्या त्याच वयात 'कामाचा ताण असेल' म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष होतं.

फरक कसा ओळखायचा? झिजेचा गुडघा चालल्यावर, जिने चढल्यावर जास्त दुखतो. सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात जातो. आमवातात बहुतेकदा दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात आणि सकाळी तासभर मूठसुद्धा नीट वळत नाही. 'आरए फॅक्टर' या रक्तचाचणीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ती निरोगी माणसात पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आमवाताच्या काही रुग्णांत निगेटिव्ह.