'पेनिसिलिन चालत नाही' म्हणजे नेमके काय?

शाळेच्या सहलीच्या अर्जात 'औषधाची अ‍ॅलर्जी' असा रकाना असतो. एखादे पालक तिथे 'पेनिसिलिन चालत नाही' एवढेच लिहितात. सहलीत त्या मुलाची जखम चिघळली, तर डॉक्टरांनी कोणते प्रतिजैविक द्यावे? पूर्वी नेमके काय घडले होते, हे कळल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही.

औषधाने मळमळले, जुलाब झाले, तर तो बहुधा दुष्परिणाम असतो, अ‍ॅलर्जी नव्हे. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा भाग घेते. पेनिसिलिनचा रेणू इतका लहान असतो, की एरवी ही यंत्रणा त्याची दखलही घेणार नाही. पण त्याच्या गाभ्यात चार अणूंचे, ताणलेले 'बीटा-लॅक्टम' कडे असते. ते उघडून शरीरातील प्रथिनांना चिकटते. ही जोडी परकी वाटल्याने काही जणांत तिच्याविरुद्ध 'आयजीई' प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात व मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तेच औषध पोटात गेले, की या पेशी हिस्टामिनसारखी रसायने एकदम सोडतात. बहुधा तासाभरातच अंगावर गांधी उठतात. तीव्र प्रकारात ओठ-जीभ सुजते, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते.

मात्र असे रुग्ण थोडे. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्ण आपल्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगतात. खरी अ‍ॅलर्जी १ टक्क्याहून कमी लोकांना असते. विषाणूंमुळे आलेले पुरळ अनेकदा औषधाच्या माथी मारले जाते. शिवाय, आयजीईमुळे होणारी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के जणांची ती १० वर्षांत ओसरते.

मग खबरदारी म्हणून पेनिसिलिन टाळले तर बिघडले कुठे? बिघडते. त्याऐवजी बरेचदा अनेक जातींच्या जीवाणूंवर मारा करणारे औषध दिले जाते. त्यात आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरतात आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढतात. काही आजारांत तर पर्यायी औषधाचा गुणही कमी येतो.

पर्याय निवडताना डॉक्टर रेणूची रचना पाहतात. सेफॅलोस्पोरिन गटातही बीटा-लॅक्टम कडे असते, म्हणून पूर्वी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या १० टक्के लोकांना ही औषधेही बाधतात असे मानत. आज हे प्रमाण सुमारे २ टक्के धरतात. कड्याइतकीच, किंबहुना अधिकच, महत्त्वाची ठरते ती बाजूची साखळी. अमॉक्सिसिलिन व सेफाड्रॉक्सिल यांची साखळी एकच, म्हणून एक बाधले तर दुसरे टाळतात. सेफाझोलिनची साखळी वेगळी असते. अ‍ॅझिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांच्यात हे कडेच नाही. पण ती प्रत्येक जंतूवर चालत नाहीत. औषधाने पूर्वी अंगावर फोड येऊन कातडी सोलली असेल, तर ते औषध पुन्हा कधीच देत नाहीत, चाचणीसाठीसुद्धा नाही.

म्हणून त्या रकान्यात चार गोष्टी लिहून घ्याव्यात : औषधाचे नाव, काय झाले, किती वेळाने झाले आणि कोणत्या वयात. शंका असल्यास पालकांना डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यायला सांगावे. 'थोडे देऊन पाहू' हा प्रयोग घरी किंवा शाळेत मुळीच करू नये. तपासणी होईपर्यंत अर्जावरचा शब्द खराच मानावा.