लष्कराचा जुना ट्रक पुन्हा रस्त्यावर आणताना

सेवाभावी संस्थांना वस्तू देणारे दाते पुष्कळ असतात. कोणी धान्य देतो, कोणी शिलाई यंत्र, आणि क्वचित कोणी म्हणतो, "आमच्या शेडमध्ये मिलिटरीचा एक ट्रक दहा वर्षांपासून उभा आहे, घेऊन जा, वस्तीवर पाणी न्यायला होईल." आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या पट्ट्यात हे ऐकून कोणाचेही मन हलते. पारधी आणि भिल्ल बांधवांच्या पुष्कळ वस्त्या गावापासून दूर, माळावर किंवा ओढ्यापलीकडे आहेत. पक्की सडक गावात संपते, पुढे काळी माती. चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारा ट्रक तिथे सोन्यासारखा वाटतो. पण दान आलेली गाडी आणि चालणारी गाडी यांत बरेच अंतर असते. ते कसे कापायचे, आणि कधी मुळीच कापू नये, हे देणगीदारांनी आणि कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

लष्कराच्या जुन्या गाड्या लोकांच्या कामाला येणे आपल्याकडे नवे नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याचा शिल्लक माल विकायला निघाला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द तेव्हापासून बाजारात आहे. त्यात ट्रक आणि जीपही होत्या, आणि त्यांवर लाकडी बॉडी बांधून कितीतरी मालकांनी धंदा उभा केला. पुढे आपल्या सैन्यासाठी जबलपूरला 1959 पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' ट्रक बनू लागला आणि 1996 पर्यंत बनत राहिला. त्याच जबलपूरहून निसानच्या परवान्याचा एक टनी ट्रक आणि जोंगा आल्या. शेजारच्या नगरला चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि वाहन संशोधन संस्था असल्याने आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ही गाड्यांची जात ओळखीची आहे. आज शेडमध्ये धूळ खात सापडतो तो बहुधा शक्तिमान किंवा निसान.

पहिला पाना हातात घेण्याआधी कागद बघा. लष्कराच्या गाडीला आरटीओचा क्रमांक नसतो. तिच्या पाटीवर आधी वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे ती गाडी सैन्यात आल्याचे वर्ष सांगतात. सैन्यातून बाहेर पडल्यावर ती नव्याने नोंदवावी लागते, आणि त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नमुना 21, म्हणजे संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेले विक्री प्रमाणपत्र, मूळ स्वरूपात लागते. सोबत नमुना 20 मधला अर्ज आणि विमा. दात्याने ती गाडी कधीच नोंदवली असेल तर आरसी बुक बघा आणि त्यावरचा चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या कोरीव क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. लिलावात गाडी 'भंगार' म्हणून विकली गेली असेल, नमुना 21 नसेल, तर ती दुरुस्त होईल पण रस्त्यावर येणार नाही. तिचे सुटे भाग कामाला येतील, एवढेच. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जातात. संरक्षणाच्या विशेष वाहनांना त्यातून सूट असली तरी पुढच्या काळात असे ट्रक चालू अवस्थेत हाती येणे अवघडच होणार. माझे मत स्पष्ट आहे: कागद नसेल तर दात्याचे आभार मानून ट्रक नाकारावा. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी उभी राहणार नाही आणि भरपाईचे ओझे संस्थेवर येईल.

कागद ठीक असले तर गाडीकडे वळू. मराठवाड्याची कोरडी हवा लोखंडाला बरी असते. कोकणात दहा वर्षे उभा राहिलेला ट्रक चेसिसला कुजतो, आपल्याकडे तितका नाही. इथे मरते ते रबर. उन्हाने टायर तडकतात, होज पाइप कडक होतात, ऑइल सील सुकतात. चाके काळ्या मातीत रुतलेली असतील तर दर पावसाळ्यात ती ओल ब्रेकच्या ड्रमपर्यंत चढलेली असते. म्हणून सुरुवात चाकांना ठोकळे लावून, बोनेट उघडून आणि काठीने आत ठोकून करावी. उंदरांची घरटी, मधमाश्यांचे पोळे, कधी साप, हे सगळे मिळते. उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असतेच, त्यामुळे जुन्या वायरवर भरवसा ठेवून बॅटरी जोडू नये. या ट्रकना बहुधा 24 व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून.

इथे उत्साही मंडळी एक गोष्ट हमखास करतात: नवी बॅटरी आणतात, डिझेल ओततात आणि सेल्फ मारतात. तसे करू नये. इतकी वर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटलेल्या असतात. हेड गॅस्केटमधून एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तर ते दाबले जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. योग्य रीत संथ आहे. सगळी नोझल काढून घ्यावीत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतावे आणि दोन-तीन दिवस तसेच सोडावे. मग क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून हाताने हळूहळू फिरवावे. अडले तर जोर करू नये, पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. वरचे टॅपेट कव्हर काढून सगळे व्हॉल्व्ह खालीवर होतात का ते पाहावे. ऑइल काढल्यावर ते ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि मग हेड उतरवल्याशिवाय इलाज नाही. सारे ठीक असेल तर नवे ऑइल, नवा फिल्टर, आणि नोझल बाहेर असतानाच इंजिन फिरवून ऑइलचे प्रेशर चढते का हे बघायचे.

डिझेलची टाकी उतरवूनच धुवावी. तळाला पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ साचलेला असतो. टाकी गळत असली तरी तिला वेल्डिंगची ज्योत लावण्याचा मोह टाळावा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ पेटून माणसे भाजतात. नोझल आणि पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे द्यावेत. हे काम घरच्या घरी होत नाही. डिझेलची लाइन जोडल्यावर फीड पंपाच्या हातपंपाने आधी फिल्टरवरची, मग पंपावरची आणि शेवटी नोझलच्या पाइपांची हवा काढावी.

एक धोका मात्र अनुभवी मिस्त्रीही कधी कधी विसरतात. डिझेल पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी दांडी, गंजून पूर्ण उघडी अडकलेली असू शकते. तसे झाले तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटते आणि चावी बंद करून थांबत नाही. दांडी मोकळी हलते का हे आधी बोटाने पाहावे, आणि पहिल्यांदा सुरू करताना एका माणसाने हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभे राहावे. हवा बंद झाली की इंजिन गुदमरून थांबते. तोंडावर हाताचा तळवा किंवा फडके कधीही धरू नये, ते आत ओढले जाते.

इंजिनाचा आवाज आला की सगळ्यांना काम संपल्यासारखे वाटते. पेढे वाटले जातात. खरे म्हणजे पैसा इंजिनापेक्षा ब्रेक आणि टायरवर खर्च व्हायला हवा. बंद पडलेला ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ब्रेक न लागणारा ट्रक धारूरच्या घाटात खाली उतरताना कोणाचे तरी घर बसवतो. जुन्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि आतून सिलिंडर गंजवते. म्हणून चारही चाके उतरवून प्रत्येक व्हील सिलिंडर उघडावा, आत खड्डे पडले असतील तर नवा घालावा. मास्टर सिलिंडरचे रबर किट, सगळे रबरी होज आणि गंजलेले पाइप बदलावेत. लायनर ड्रमला चिकटलेले असतील तर घासून पाहावेत, तेल लागलेले असतील तर फेकावेत. रबराच्या जागी साधे इंजिन ऑइल ओतले तर वॉशर फुगतात आणि ब्रेक जाम होतो. हे झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल जोराने एक मिनिट दाबून धरायचे. ते हळूहळू खाली बसत गेले तर कुठेतरी गळती आहे. त्याच वेळी हबमधले बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरावे, किंग पिन आणि स्टिअरिंगच्या सांध्यांचा ढिलेपणा काढावा, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल बदलावे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे, त्याची नक्षी कितीही शाबूत असो. दहा वर्षे उन्हात राहिलेल्या टायरवर भरलेली गाडी नेऊ नये. टायर बदलताना दुसरी काळजी डिस्कची. या जुन्या वीस इंची डिस्कवर टायर लॉक रिंगने अडकवलेला असतो. रिंग गंजली असेल किंवा नीट बसली नसेल तर हवा भरताना ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते, आणि समोर वाकून बसलेला पंक्चरवाला पोरगा जागीच जातो. हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावी. पिंजरा नसेल तर निदान डिस्कमधून जाड साखळी गुंडाळावी, लांब नळी लावावी आणि बाजूला उभे राहावे. चाक गाडीवरून काढण्याआधी सगळी हवा सोडणे, हाही याच सावधगिरीचा भाग.

मग पासिंग. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. बीड जिल्ह्यात बीड (एमएच 23) आणि अंबाजोगाई (एमएच 44) अशी दोन कार्यालये आहेत, आपला तालुका कुठे मोडतो ते पाहून जावे. गाडीचा हिरवट रंग मात्र आधी बदलावा लागतो, कारण तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना राखून ठेवलेला आहे. अशा ट्रकचे भरलेले वजन 7,500 किलोच्या पुढे जाते, त्यामुळे हलक्या वाहनाचा परवाना असलेला कार्यकर्ता तो चालवू शकत नाही.

आता पाण्याचा हिशेब. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. शक्तिमान हा खडबडीत वाटेवर तीन टनांचा ट्रक. लोखंडी टाकीचे वजन अर्धा टन धरले तर वस्तीच्या वाटेवर अडीच हजार लिटरच न्यावे. टाकीत आडव्या पत्र्यांचे कप्पे हवेत, नाहीतर वळणावर पाणी एका बाजूला आदळून गाडी कलंडते. पिण्याच्या पाण्याला डिझेलची किंवा रसायनाची जुनी टाकी नकोच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले तेव्हा तेलाच्या वाघिणी आधी कोटा येथे वाफेने धुऊन घ्याव्या लागल्या होत्या. आपल्या गॅरेजमध्ये तशी सोय नसते. दोनशे माणसांच्या वस्तीला माणशी रोज वीस लिटर धरले तर चार हजार लिटर होतात, म्हणजे दोन खेपा. पाण्याचे ठिकाण पंधरा किलोमीटरवर असेल आणि गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल, तर रोज पंधरा लिटर डिझेल जळते. महिन्याला साडेचारशे लिटर.

हा आकडा पाहिला की एक प्रश्न टाळता येत नाही. उन्हाळ्यात, पाण्याची टंचाई असते तेव्हा, काळी माती कोरडी आणि कडक असते. तेव्हा ट्रॅक्टर आणि त्यामागची टाकी तिथेच जाते आणि कमी खर्चात जाते. चार चाकांच्या जोराची गरज लागते ती जुलै ते सप्टेंबर, जेव्हा वस्तीची वाट बंद होते आणि धान्य, ताडपत्री, औषधे, आरोग्य शिबिराचे सामान आत न्यायचे असते. त्यामुळे ज्या संस्थेला फक्त उन्हाळी पाणी न्यायचे आहे तिने ट्रकच्या मागे लागू नये. पावसाळ्यात तुटणाऱ्या चार-पाच वस्त्या जिच्याकडे आहेत तिने जरूर विचार करावा. माणसे मात्र मागच्या हौद्यात बसवू नयेत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडासह ट्रकमध्ये कोंबून जातात, म्हणून आपल्याला ते वावगे वाटेनासे झाले आहे. पण मालाच्या गाडीत माणसांची वाहतूक कायद्यात बसत नाही, आणि उलटलेल्या गाडीखाली सापडलेल्यांत लहान मुले असतात.

ट्रक रस्त्यावर आला की पहिला महिना रिकामा किंवा अर्ध्या भाराने चालवावा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे सगळे नट पुन्हा आवळावेत, पाट्यांचे यू-बोल्टही. पाणी, ऑइल आणि ब्रेक ऑइलची पातळी रोज सकाळी पाहून वहीत लिहावी. डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांचा जोर काढून ठेवावा, तो फक्त चिखलात जोडायचा, नाहीतर कडक रस्त्यावर शाफ्ट आणि गिअरवर ताण येऊन ते तुटतात. या गाड्यांचे सुटे भाग बीडच्या दुकानात मिळत नाहीत, पुष्कळदा दिल्लीच्या मायापुरीतून मागवावे लागतात. म्हणून एक जास्तीचे रबर किट, दोन होज, फॅन बेल्ट आणि डिझेल फिल्टर ड्रायव्हरच्या सीटखाली पेटीत ठेवून द्यावेत.