एकाच टोपलीतली मासळी, दोन निराळी पथ्ये
सुजणाऱ्या सांध्यांचा आहार ठरवण्यापूर्वी

वसईच्या पश्चिमेकडील सांडोर आणि त्याच्या आसपासच्या गावांतील स्वयंपाकघर मुळात समृद्ध आहे. वाडीतली केळी, दुधी, पडवळ, शिराळी आणि पालेभाज्या, परसातला नारळ, तांदळाची भाकरी, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून येणारी ताजी मासळी हे सारे येथे सहज मिळते. मात्र घरातील वडीलधाऱ्या माणसाचे सांधे एके सकाळी लालसर होऊन सुजले, की पहिला बडगा उगारला जातो तो याच स्वयंपाकघरावर. मासे बंद, डाळ बंद, टोमॅटो आणि वांगे बंद, चिंच-कोकम बंद, दही तर मुळीच नाही. चार आठवड्यांनी ताटात भात, दुधी आणि पेज एवढेच उरते. सूज कमी होवो न होवो, माणूस मात्र हमखास वाळतो.

ही बंदी मायेपोटी घातलेली असते, यात शंका नाही. परंतु ती घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचा राहून जातो : सांधे नेमके कोणत्या आजाराने सुजले आहेत? या प्रश्नाच्या उत्तरावरच ताटात काय असावे हे ठरते. कारण एकाच टोपलीतली तारली एका रुग्णाच्या हिताची आणि दुसऱ्या रुग्णाला अपायकारक असू शकते.

आधी आजाराचे नाव

'संधिवात' हा आपल्याकडे सर्वांसाठी वापरला जाणारा शब्द आहे. त्याच्या पोटात तीन तरी निरनिराळे आजार दडलेले असतात.

पहिला झिजेचा. वयानुसार गुडघ्यातील कूर्चा झिजते, चालताना दुखते, बसल्यावर बरे वाटते. सकाळचा ताठरपणा असला तरी तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो.

दुसरा आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला चढवते. बोटांचे आणि मनगटांचे लहान सांधे, तेही दोन्ही हातांचे, सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही आणि हा ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये याचे प्रमाण दोन ते तीन पट आहे.

तिसरा गाऊट, ज्याला आयुर्वेदात वातरक्ताशी जोडले जाते. रक्तातील यूरिक ॲसिड प्रमाणाबाहेर वाढले, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात. बहुधा मध्यरात्री किंवा पहाटे पायाचा अंगठा एकाएकी इतका दुखू लागतो, की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. हा आजार पुरुषांत अधिक आढळतो; स्त्रियांत तो बहुधा रजोनिवृत्तीनंतर दिसतो.

आपल्याच राज्यातील एक महत्त्वाचे काम येथे सांगायला हवे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील घराघरांत जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी केली. सांधे किंवा स्नायू दुखण्याची तक्रार करणारे प्रौढ मोठ्या संख्येने होते. प्रत्यक्ष आमवात मात्र सुमारे अर्धा टक्का प्रौढांत आढळला. म्हणजे दुखणारा प्रत्येक सांधा आमवाताचा नसतो, आणि शेजारच्या घरातील पथ्य आपल्या घरात तसेच्या तसे आणणे शहाणपणाचे नसते. रक्ततपासणी आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी यांनीच निदान होते. गाऊटबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा : ऐन दुखण्याच्या दिवसांत रक्तातील यूरिक ॲसिड कधीकधी सामान्यही दिसते. म्हणून दुखणे ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

आमवात असेल तर

आमवातात आहाराने काही साधते का, हा प्रश्न संशोधकांनीही गांभीर्याने घेतला आहे. नॉर्वेमध्ये 53 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 1991 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाने देखरेखीखाली आठवडाभर अल्पाहारी उपवास करून पुढे वर्षभर शाकाहार पाळला. या गटातील रुग्णांची सूज, वेदना आणि सकाळचा ताठरपणा कमी झाला. पुढे स्वीडनमध्ये भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचा आहार, म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, मासे भरपूर आणि लाल मांस कमी, बारा आठवडे देण्यात आला. तेथेही रुग्णांना उतार दिसला. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत आमवाताच्या रुग्णांसाठी याच पद्धतीची शिफारस केली आहे. अन्य ठरावीक 'डाएट' आणि पूरक गोळ्यांची शिफारस मात्र केलेली नाही.

या शिफारशीचा अर्थ नीट समजून घ्यावा. आहाराचा उपयोग होतो, पण तो मर्यादित असतो. तो औषधाच्या जोडीला चालतो, औषधाच्या जागी नव्हे. आमवातात औषधोपचार लांबले, तर सांध्याची हानी होते आणि ती भरून येत नाही. म्हणून 'आधी पथ्य करून पाहू, नाहीच उतरले तर डॉक्टर' हा क्रम घातक आहे.

भूमध्य समुद्राकाठचा आहार म्हणजे महागडे ऑलिव्ह तेल, असे समजू नका. सांडोरच्या घराला त्यासाठी फारसे काही विकत आणावे लागत नाही. तारली, पेडवे, बांगडा या तेलकट मासळीत ओमेगा-तीन नावाची स्निग्धद्रव्ये असतात. ही द्रव्ये पुरेशा प्रमाणात काही महिने पोटात गेली, तर आमवाताच्या रुग्णांची सांधेदुखी आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज थोडी कमी होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा असा मासा कालवणात किंवा वाफवून घ्यावा. बुडवून तळलेल्या तेलात त्याचा लाभ हरवतो. सुकी मासळी मात्र मिठाने भरलेली असते. रक्तदाब असणाऱ्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या ज्येष्ठांनी ती चवीपुरतीच ठेवावी. शाकाहारी घरांत जवसाची चटणी आणि अक्रोड यांचा उपयोग होतो, जरी त्यांचा प्रभाव माशाइतका नसतो.

भाज्या दोन्ही वेळा असाव्यात. मैदा, बेकरीचे पदार्थ, साखरेची पेये आणि रोजचे तळण कमी करावे. वाढलेले वजन स्वतःच शरीरात दाह वाढवते आणि औषधांचा परिणामही उणा करते. वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवणे हे आहारातील सर्वांत फलदायी काम ठरते. वसईची सुकेळी गुणकारी असली तरी ती वाळवून गोड झालेली फळे आहेत, हे मधुमेहींनी विसरू नये. धूम्रपान आहारात मोडत नाही, तरीही ते आमवात बळावण्याचे ठळक कारण आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे.

गाऊट असेल तर

येथे हिशेब पालटतो. तारली, पेडवे, मांदेली, कोळंबी, शिंपल्या, कलेजी, गुर्दा यांत प्युरिन नावाचे घटक अधिक असतात आणि त्यांपासून शरीरात यूरिक ॲसिड तयार होते. सणावाराला, लग्नाच्या जेवणावळीत मांस, मासे आणि मद्य एकत्र आले की दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे अंगठा ठणकू लागतो, याचे कारण हेच. मद्यांत बीअर सर्वांत त्रासदायक. साखर घातलेली शीतपेयेही यूरिक ॲसिड वाढवतात. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कडक उपवास आणि शरीरातील पाणी कमी होणे यांनीही गाऊट उफाळतो. म्हणून उपवासाच्या काळात गाऊटच्या रुग्णाने पाणी आणि सौम्य आहार सोडू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आता डाळीविषयी. गाऊट म्हटले की आपल्याकडे तूरडाळ, मूग, पालक, मटकी सारे बंद होते. अमेरिकेत 47,150 पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेऊन 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि सागरी अन्न अधिक खाणाऱ्यांना गाऊटचा धोका वाढलेला दिसला. डाळी, पालक यांसारख्या प्युरिनयुक्त वनस्पतिजन्य पदार्थांनी मात्र तो वाढला नाही आणि कमी स्निग्धांशाच्या दुधाने तो घटला. तेव्हा ज्येष्ठांच्या ताटातील वरण काढून घेऊ नका. त्यांच्या वयात तेच प्रथिनांचा आधार असते. मलई काढलेले दूध आणि ताकही चालते.

एवढे करूनही निव्वळ आहाराने यूरिक ॲसिड थोडेच उतरते. वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टर औषधाने ते सहा मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचा प्रयत्न करतात. ते औषध चालू असताना मध्येच दुखणे उफाळले, तर घाबरून स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

आंबट, वातूळ आणि हळद

चिंच, कोकम, टोमॅटो, वांगे, बटाटा यांनी सांध्यांची सूज वाढते, असा ठोस पुरावा नाही. वाल-वाटाण्याने पोटात वायू धरतो हे खरे, पण तो वायू सांध्यात शिरत नाही. तरीही एखाद्याला विशिष्ट पदार्थानंतर त्रास होतो असे वाटत असेल, तर त्याचा अनुभव धुडकावू नका. वहीत तारीख, जेवण, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकला आणि औषध घेतले का, हे दोन आठवडे लिहा. नंतर फक्त तो एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद करून पुन्हा सुरू करा. फरक दोन्ही वेळा स्पष्ट दिसला तर तो पदार्थ वगळा. नाही तर आनंदाने खा. एका वेळी दहा पदार्थ बंद केल्याने काहीच उमगत नाही.

हळद भाजी-आमटीत जरूर असावी. तिच्या सत्त्वाच्या तीव्र गोळ्यांबाबत मात्र सावध राहा. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत त्या धोक्याच्या ठरू शकतात. आमवाताचे स्वतंत्र वर्णन माधवनिदान या प्राचीन ग्रंथात आहे, आणि सुशिक्षित वैद्यांचा सल्ला घेण्यास हरकत नाही. परंतु घटकांचे नाव नसलेल्या, दोन दिवसांत गुण देणाऱ्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

सांभाळणाऱ्यांसाठी

दुखणे उफाळलेल्या दिवसांत भूक मंदावते आणि हात चालत नाहीत. या दिवसांत उपवास नको, उलट प्रथिने हवीत, कारण दाहामुळे स्नायू झपाट्याने झिजतात. निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टर ठरवतील. मऊ मूगखिचडी, अंडे, दहीभात, काटे काढलेले माशाचे कालवण हे थोडेथोडे, चार-पाच वेळा द्यावे. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, म्हणून दूध, तीळ आणि नाचणी हवी. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भाकरी आधीच चतकोर करून वाढा, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा, दोन कानांचा हलका पेला द्या. स्वतःच्या हाताने जेवता आले की भूकही परतते.

वेदनाशामक गोळी उपाशीपोटी देऊ नका. आमवातासाठीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतते. म्हणून त्याचा वार ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करा. हे औषध चालू असताना मद्य वर्ज्य. रोगप्रतिकारशक्ती दबलेली असल्याने कच्ची कोशिंबीर नीट धुऊनच द्यावी आणि शिळी मासळी व न उकळलेले दूध टाळावे.

एकच सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सोबत ताप आला, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात विलंब परवडत नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : आजाराचे नेमके नाव काय, त्यात कोणते अन्न खरोखर वर्ज्य, आणि चालू औषधांसोबत काय टाळावे. उत्तरे कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावा. त्या यादीत नसलेले काहीही, केवळ कोणी सांगितले म्हणून, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटातून काढून घेऊ नका.