शामारेल: पाहावे, राहावे की पैसा घालावा?

महाशिवरात्रीला गंगा तलावावर जाणारी आपली बहुतेक कुटुंबे दर्शन घेऊन आल्या वाटेने घरी परततात. त्याऐवजी पेत्रेंच्या चौकातून पश्चिमेकडे गेले, तर प्लेन शांपान्यचे पठार लागते, उजव्या हाताला खोल दऱ्या दिसतात आणि मग रस्ता वळणे घेत शामारेलला उतरतो. दुसरी वाट काज नोयालच्या किनाऱ्यावरून वर चढते, तिसरी बे द्यु कापकडून येते. तीन वाटा असूनही गाव आडवळणीच राहिले. आपल्या बेटावर खेडे कसे जगते आणि कसे हरवते हे समजून घ्यायचे असेल, तर या गावाकडे जरा निरखून पाहावे.

पाहावे

सप्तरंगी माती कोणी पाहिली नाही? पण ती कशी झाली हे मुलांनी विचारले, तर उत्तर ठाऊक असावे. ज्वालामुखीतून आलेला काळा खडक ऊन-पावसाने हजारो वर्षे कुजत गेला व त्याची चिकणमाती झाली. तिच्यात उरलेल्या लोखंडाने तांबडा व तपकिरी रंग दिला, ॲल्युमिनियमने निळसर व जांभळट छटा दिल्या. जवळचा धबधबा ऐंशी मीटरहून अधिक उंच आहे. ऊस, अननस व कॉफीची लागवड आहे, आणि २००८ साली उघडलेला रम गाळण्याचा कारखाना आहे. गावाच्या वर १९९४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याचे क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक आहे. ज्या ससाण्याची १९७४ साली जंगलात अवघी चार पाखरे उरली होती, तो याच डोंगरकड्यांच्या आश्रयाने वाचला.

पाहुण्यांच्या मोटारी सकाळी येतात आणि दुपारी समुद्राकडे जातात. तिकिटाचा पैसा तिकिटाच्या खिडकीवर राहतो. गावातल्या बाईच्या हाती पैसा पडावा असे वाटत असेल, तर तिच्या ताब्ल दोतमध्ये बसून जेवावे, रस्त्याकडेचे अननस घ्यावेत, कॉफीची पुडी घ्यावी. डबा घरून नेऊन कचरा तेवढा गावात टाकणे हे पाहुण्याला शोभत नाही.

राहावे

डोंगरावरची हवा थंड व ओलसर असते. किनाऱ्यावर ऊन असताना वर पाऊस लागलेला असतो. मोटार नसेल तर बसच्या वेळेवर सारा दिवस बांधावा लागतो. मोठे दवाखाने, कॉलेजे व नोकऱ्या दूर शहरांकडे आहेत. म्हणून तरुण मुले आधी शिकायला खाली उतरतात आणि पुढे तिथेच घर करतात. हे एकट्या शामारेलचे दुखणे नाही. आपल्या आजा-पणजांनी सोडलेल्या कोकणातही गणपतीपुरती उघडणारी घरे काही कमी नाहीत.

तरीही जे राहतात त्यांचे सुख लहान नाही. परसात भाजी असते, शेजारी एकमेकांना नावाने ओळखतात आणि वादळ झाले की साऱ्या गल्लीचे हात एका छपराला लागतात. निवृत्त होऊन तिथे घर करू पाहणाऱ्याने एक पावसाळी महिना भाड्याच्या घरात काढून पाहावा. स्वच्छ उन्हातला रविवार पाहून घर घेऊ नये.

पैसा घालावा का?

आता खरा प्रश्न. १९७५ च्या कायद्याने परदेशी माणसाला सरकारी परवानगीवाचून येथे जमीन घेता येत नव्हती. २००२ साली परदेशीयांना बंगले विकण्याची योजना निघाली, २०१५ साली तिची जागा नव्या योजनेने घेतली. घर घेऊन येथे राहण्याचा परवाना मिळवण्यासाठी लागणारी किमान रक्कम २०२० साली पाच लाखांवरून पावणेचार लाख अमेरिकन डॉलरवर आणली गेली. पश्चिम किनाऱ्यावर बंगल्यांची रांग लागली ती या वाटेने. किनाऱ्यावर जमिनीला भाव चढला की त्याची झळ डोंगरावरही पोहोचते.

शामारेल हे मुख्यतः क्रेओल बांधवांचे गाव. पण त्याच्या पायथ्याशी, रिव्हिएर न्वार व सावान जिल्ह्यांत, आपल्या कित्येक घराण्यांचे थोडेथोडे पेर्श आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरमळ्यांनी आपल्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या, तेव्हा मजुरीतून राखलेल्या पैशावर अनेक हिंदी मजुरांनी असे तुकडे घेतले. गिरमिट घालून आलेला माणूस जमीनमालक झाला तो असा.

ती जमीन आज बहुधा मोलाने जात नाही, कागदाअभावी जाते. आजाच्या नावची जमीन वाटणी न होता तशीच राहते. मुले, नातवंडे, पतवंडे असे तीस-चाळीस वारस होतात. त्यांतले काही पॅरिसला, काही लंडनला असतात. कायद्याने कोणालाही सामाईक मालकीत अडकवून ठेवता येत नाही, कोणीही एक वारस वाटणी मागू शकतो. जमीन वाटता येण्याजोगी नसेल, तर ती कोर्टामार्फत लिलावात निघते. लिलावात बोली मोठी कोणाची, हे सांगायला नको. दुसरा धोका याहून मुकाट असतो. जी जमीन कोणी बघत नाही, ती तीस वर्षे उघडपणे मालकासारखी वहिवाटणारा माणूस तिच्यावर हक्क सांगू शकतो.

मृत्युपत्र केले म्हणजे सारे झाले, अशीही समजूत आढळते. दोन मुले असतील तर दोन तृतीयांश, तीन वा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता कायद्याने मुलांसाठीच राखीव असते. म्हणून कागद हयातीतच, नोटरीसमोर, सर्वांना बसवून करावेत. आधी सर्वेयरकडून हद्दी मोजून घ्याव्यात.

नवीन जमीन घेणाऱ्यानेही तीन गोष्टी पाहाव्यात. शेतजमिनीवर घर बांधायला वेगळी परवानगी लागते, ती आहे की नाही? समुद्राकाठचा ८१.२१ मीटर रुंदीचा पट्टा सरकारचा, तो विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळतो. विकणारा जे दाखवतो आहे ते त्याचे आहे काय? आणि पाहुण्यांना खोल्या द्यायच्या असतील, तर पर्यटन खात्याचा परवाना आधी, पाटी नंतर.

आमचे मत विचाराल तर, खेड्यात पैसा घालण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे तिथे कोणाला तरी राहता येईल असे करणे. दोन खोल्यांची डागडुजी, पाण्याची टाकी, अननसाचे चार वाफे, गावच्याच एखाद्या कुटुंबाला रीतसर लेखी कराराने दिलेली जागा, यांतून फार मोठा नफा होत नाही. पण जमीन राबती राहते, आणि राबत्या जमिनीवर सहसा दुसरा कोणी हक्क सांगत नाही. विकणेच भाग पडले तर त्यात लाज नाही. मुलीच्या शिक्षणासाठी वा आजारपणासाठी विकलेली जमीन कामी आली असेच म्हणावे. मात्र केवळ भांडण टाळण्यासाठी विकली, तर त्या पैशात ती पुन्हा घेता येणार नाही.

गणेश चतुर्थीला आपली घरे भरलेली असतात. दूरचे भाऊ-बहीण येतात, झाकरी होते, मोदक होतात. एरवी एका खोलीत न येणारे वारस त्या दिवशी एका पंगतीला बसतात. आरती झाल्यावर कपाटातला तो जुना फ्रेंच दस्त बाहेर काढावा आणि वडिलधाऱ्यांनी तो सर्वांना वाचून दाखवावा. कोणाची किती जमीन कुठे आहे, हे मुलांना एकदा तरी जागेवर नेऊन दाखवावे. हे ज्या घरात झाले, त्या घराची जमीन पुढच्या पिढीच्या हाती जाण्याची आशा आहे.